पत्र्यावरचा दात

॥ हरसिद्धी माता प्रसन्न ॥
हर्सूल, २९ जुलै २०२५, नागपंचमी

चि. ऋतुराज,

आशीर्वाद आधी घे, राग मागून काढ. अक्षर ओळखलं असशीलच. कागद मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा आहे. पाठ कोरी होती, टाकवेना. उलटून बघू नकोस, मागं दुधाचे खाडे लिहिलेत.

पत्ता तुझ्या दोस्तानं, प्रणयनं दिला, त्याच्यावर चिडू नकोस. पोराच्या बारशाचं सांगायला आला होता. मी चहा टाकला, तोवर तो मोबाइलमध्ये बाळाचे फोटो दाखवत बसला. बोटानं सरकवता सरकवता एक फोटो पुढं आला. लाल फ्रॉकातली एक पोरगी आ वासून हसतेय आणि शेजारी तू. कानाशी तुझे केस पांढरे झालेत. प्रणयच्या तोंडून निघून गेलं, "ही ऋत्याची पोरगी, काकू." मग त्यानं जीभ चावली, माझ्या हट्टापायी पत्ता लिहून दिला आणि चहा तसाच ठेवून निघाला. तो चहा मीच प्यायले, ओतायचा कशाला.

तर मला नात आहे, हे मला असं दुसऱ्यानं सोडलेल्या चहाबरोबर कळलं.

आता विचारते ते सांग. तिचं नाव काय? जन्म कोणत्या महिन्यातला? तिथी ध्यानात नसेल तर तारीख आणि वेळ दे, बाकी मी पंचांगात बघून घेईन. जावळ काढलं का? पहिला दात खालचा आला की वरचा? वरचा आला असेल तर मामाला जड असतं म्हणतात, त्यानं भाचीला चांदीचं काहीतरी द्यायचं असतं. दिलं नसेल तर अजूनही देता येईल, वाटी नाय तर चमचा.

तू घर सोडलंस ते कोरोनाच्या साली, डिसेंबरात. मी देवळात पारायणाला बसले होते. घरी येऊन बघते तर तुझ्या खोलीतली खुंटी रिकामी. ह्यांनी एवढंच सांगितलं की तो आपल्यात नसलेल्या पोरीशी कोर्टात लग्न करतोय आणि मी त्याला परत पाय ठेवू नको म्हटलं. त्यावर मी तुला फोन करून काय बोलले ते तुला माहीत आहे. ते लिहून कागद नासवत नाय.

लग्न तू आणि सोनियानं त्यानंतर महिन्यानं केलंत. तेव्हा पोरगी फार तर चारची, असं धरून चालते. फ्रॉक मात्र मोठ्या मापाचा वाटला. वाढत्या अंगाचा घेत असशील, ते वळण माझंच.

घरचं म्हणशील तर माडीवर भाडेकरीण आलीय, तनुजा म्हणून, नांदेडची, दातांची डॉक्टर. मागच्या शेडचा पत्रा गंजलाय. ह्यांनी फकिराला सांगून ठेवलंय की दिवाळीआधी शेड काढ, तिथं तनुजाची स्कूटी लागेल. तुझे सगळे दुधाचे दात त्याच पत्र्यावर गेलेत. मी नुसतं "बघू" म्हटलंय.

मला ती पोरगी एकदा बघायची आहे. दुसरं काही मागणं नाय.

तुझी आई


हर्सूल, १२ ऑगस्ट, अंगारकी

चि. ऋतुराज,

तुझं उत्तर नाय. पण पत्र माघारीही आलं नाय, म्हणजे कुणीतरी घेतलं.

आज तुला एक नवल लिहिते. तनुजा शिकतेच आहे अजून, लहान मुलांच्या दातांचं. तिचा अभ्यास असा, की जबड्याचा एक्स-रे बघायचा आणि लेकराचं वय सांगायचं. मी म्हटलं, त्याला एक्स-रे कशाला, दाखला बघ की. ती म्हणाली, "काकू, दाखला नसलेली लेकरं असतात ना. कुणी स्टेशनात सापडतं, कुणी उसाच्या फडात जन्मतं. कुणी तेरा-चौदाच्या पोरीला अठराची सांगून बोहल्यावर चढवतं. तिथं मग दातालाच विचारावं लागतं."

मी तिला आमच्या वेळची तऱ्हा सांगितली. गुरुजी लेकराला उभं करायचे आणि म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे, डावा कान धर. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी, नाव पटावर. आणि तारीख? शाळा जूनमध्ये उघडते म्हणून सगळ्यांची एक जून. माझी एक जून, ह्यांची एक जून, शेजारच्या गोजरबाईंची एक जून. तनुजा हसून हसून जिन्यावर बसली. "अख्ख्या गल्लीचा वाढदिवस एका केकात!" म्हणाली. मग स्वतःचा हात डोक्यावरून घेऊन कान धरून बघितला. लागला.

तिनं मला लॅपटॉपवर एक जबडा दाखवला, या कानापासून त्या कानापर्यंत. वर दुधाचे दात, आणि त्यांच्याखाली हाडात दुसरी रांग बसलेली. लग्नात जेवणाऱ्यांच्या पाठीशी पुढची पंगत उभी असते, कधी पानं उचलतात म्हणून, अगदी तशी. आणि ऐक, दात वरून खाली बांधला जातो. आधी माथा होतो, मग मान, सगळ्यात शेवटी मूळ. कळस आधी आणि पाया मागून, असलं देऊळ तू कुठं बघितलंस? देवानं माणसाच्या तोंडात तसलं बांधकाम काढलंय आणि मला ते या वयात कळतंय. मूळ पुरं व्हायचं असलं तर खालचं टोक तुतारीच्या तोंडासारखं उघडं दिसतं. पुरं झालं की मिटतं. खालच्या जबड्यातले डावीकडचे सात दात घ्यायचे, कोणता किती बांधून झालाय ते ठरवायचं, त्याला गुण द्यायचे, गुणांची बेरीज करायची आणि तक्त्यात वय बघायचं. बेरीज म्हटल्यावर मी तिथंच फतकल मारली. स्वयंपाकाला उशीर झाला म्हणून ह्यांनी दोनदा खाकरून दाखवलं.

उपासमार झाली तर लेकराची उंची खुंटते, वजन खुंटतं, पण दात फारसे मागं राहत नायत म्हणे. मात्र तो तक्ता परदेशातल्या मुलांवरून केलाय. आपली लेकरं त्यात पुढं धावतात की मागं राहतात, ते तिला बघायचंय. त्यासाठी पक्की जन्मतारीख असलेली लेकरं लागतात. उगाच कुणाचा एक्स-रे काढत नायत, ज्याला उपचारासाठी काढावाच लागतो त्याचाच घेतात, आईबापांना विचारून. तारखा पक्क्या करायचं काम माझ्याकडं आलंय. या गल्लीत कोण पोळ्याला झालं आणि कोण शिमग्याला, ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक?

गोजरबाईंचा नातू सत्यम, त्याची दाढ ठणकत होती. एक्स-रेनं वय सांगितलं नऊच्या आसपास आणि आधार कार्ड म्हणतं आठ. तनुजा बिचारी आपलंच गणित तपासत बसली. मी म्हटलं, थांब. हा झाला तेव्हा मी बाळंतविडा घेऊन गेले होते, माझ्या पायाला प्लास्टर होतं. साल जुळवलं तर नऊच येतात. मग गोजरबाई कबूल झाल्या. पोराला शाळेत उशिरा घातलं होतं, म्हणून तारीख एक वर्ष पुढं ढकलली. वर तनुजालाच म्हणाल्या, "मास्तर फसला, हापिसातला साहेब फसला, आन् हे मेले दातच घरभेदी निघाले व्हय!"

ह्यांची कवळी आली. जेवताना टोचते म्हणून काढून वाटीत ठेवतात. जी जेवायला बसवली, ती जेवताना बाहेर.

हे सगळं तुला नुसतं माहिती म्हणून लिहिलंय. पोरीचं नाव कळव.

तुझी आई


हर्सूल, २८ ऑगस्ट, ऋषिपंचमी

चि. ऋतुराज,

नाव कळलं. यशोधरा. घरी यशू म्हणता. बारशाला गेले होते तिथं प्रणयला कोपऱ्यात गाठलं आणि तो फोटोही तनुजाच्या मोबाइलवर पाठवायला लावला. नाव चांगलं आहे. मी मनात दोनदा म्हणून बघितलं.

आज उपास आहे, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाय, म्हणून दुपार मोकळी होती. तनुजाला म्हटलं, गावाकडच्या एका लेकराचा फोटो आहे, वय सांगशील का? हो, मी गावाकडचं म्हटलं. तिनं फोटो मोठा केला. माझ्या नातीचं तोंड सगळ्या पडद्यावर पसरलं.

खालचे मधले दोन दात बघ म्हणाली. शेजारच्या दातांपेक्षा रुंद आहेत, आणि कड सरळ नाय, करवतीसारखी बारीक दातेरी. म्हणजे दुधाचे पडून तिथं नवे आलेत, अजून कड झिजलेली नाय. "सहा पुरी आहेत काकू. सातवं सरत आलं असलं तरी नवल नाय."

मी म्हटलं, "चार."

"चार नाय होणार."

"पडली असेल कुठं. ठेच लागून दात गेले असतील."

"मग तिथं खड्डा दिसला असता. नवे दात काय लगेच येतात? आणि हे बघा मागं." तिनं आणखी मोठं केलं. पोरगी एवढी हसली होती की पार घशापर्यंत दिसत होतं. दुधाच्या दोन दाढांच्या मागं आणखी एक, पांढरी, नुकती वर आलेली. "ही सहाव्या वर्षाच्या आसपास येते, कुठलाही दात न पडता, गुपचूप मागून. लोकांना ती दुधाचीच वाटते आणि मग किडली तरी बघत नायत. एक्स-रे नसताना मी कागदावर काही लिहून देणार नाय. पण काकू, चार वर्षांचा जबडा हा नव्हे."

मी हिशेब ठेवणारी बाई. बेरीज चुकली की पुन्हा वरून खाली येते. २०१८ किंवा २०१९ सालचा जन्म. तेव्हा तू इथंच होतास. वाळूजला कंपनीत जायचास, डबा मी भरायची, संध्याकाळी घरी यायचास. तेव्हा दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, पोरगी तुझी आहे आणि तू दोन वर्षं मला पत्ता लागू दिला नायस. दुसरी, ती सोनियाबरोबर आली.

पहिली गोष्ट मला पटेना. तुला मांजराचं पिलूदेखील लपवता आलं नव्हतं, दप्तरात म्याऊ करत होतं.

दुसरी मांडायला घेतली आणि तशीच बसून राहिले. तनुजानं माझ्याकडं बघितलं. गावाकडच्या लेकरासाठी कुणी असं बसत नाय, हे तिला कळलं असणार. लॅपटॉप मिटताना हळूच म्हणाली, "दातावरून वय कळतं काकू. लेकरू कुणाचं ते नाय कळत."

पेन इथं थांबतोय. उपासाचा शीण असेल.

आई


हर्सूल, १४ सप्टेंबर, पितृपक्ष

ऋतू,

तू सांगितलं नायस, म्हणून मी ह्यांनाच विचारलं.

सोमवारी दुपारी हे जेवून ओसरीवर बसले होते. कवळीची वाटी मी उचलली आणि पदराखाली घेतली.

"कवळी कुठाय?" दात नसले की ह्यांचा आवाज भाताच्या पेजेसारखा येतो.

"देते. आधी सांगा. यशोधरा कुणाची?"

हे म्हणाले, "कोन यशोधरा?"

"ऋतूची पोरगी. सहा-सातची आहे. आणि त्याच्या लग्नाला पाच वर्षंसुद्धा झाली नायत."

"तुला कुनी सांगितलं?"

"तिच्या दातांनी."

ह्यांनी वाटीकडं हात केला, मी दिली नाय. तेव्हा ह्यांनी सांगितलं, तुटक तुटक, माझ्याकडं न बघता. सोनियाचा पहिला नवरा जालना रोडला ट्रकखाली गेला. पोरगी तेव्हा रांगतही नव्हती. तू ह्यांच्यासमोर त्या पोरीचा फोटो घेऊन आला होतास. ह्यांनी विचारलं, ते लेकरू नाव कुणाचं लावणार? तू म्हणालास, माझं. त्यावर ह्यांनी तुला दार दाखवलं.

"आणि मला म्हणालात, आपल्यातली नाय म्हणून."

"ते बी खरंच व्हतं."

"पण लेकराचं का नाय सांगितलं?"

हे म्हणाले, "लेकराचं ऐकलं असतंस तर तू पाघळली असतीस. एवढी वर्षं संसार केलाय तुझ्याशी, मला म्हाईत नसंल व्हय?"

ऋतू, ह्यांचा अंदाज चुकला असता तर मी भांडले असते. तो बरोबर होता, तेच मला लागलं. जातीवर मी अडून बसेन आणि लेकरावर नाय, हे ह्यांनी माझ्याआधी ओळखलं होतं. मी वाटी पुढं केली. ह्यांनी कवळी घातली. मी भांडी घासायला गेले. मागून आवाज आला, "कितव्या वर्सात हाय आता?"

"सातव्यात असेल."

"मंग दात पडाया लागले असतील."

"खालचे दोन आलेत नवे."

"हं," म्हणाले. आणि पेपर उलटा धरून वाचत बसले.

बाकी काय लिहू? तू मला फोनवर एकदाही म्हणाला नायस, आई, तिला लेकरू आहे म्हणून. लेकराला पुढं करून घरात यायचं नव्हतं तुला. हे मला आता कळतंय. माझं मागणं होतं तेच आहे. मला ती बघायची आहे.

आई


हर्सूल, ३ ऑक्टोबर

चि. सौ. सोनिया,

तुला माझं हे पहिलं पत्र. बिचकू नकोस.

काल दसऱ्याला दुपारी आमचा फोन वाजला. पलीकडं कुणी बोलेना, पण श्वास ऋतूचाच होता, सर्दी असली की तो तसाच घेतो. मी "सोनं घे" म्हणाले. तेवढ्यात मागून एक आवाज आला, "पप्पा, कोण आहे? सांगा ना!" आणि फोन बंद झाला. 'सांगा' म्हणताना तिची हवा निसटली. त्याअर्थी वरचाही दात गेलाय. मी तनुजाला विचारलं, ती म्हणाली सात होताना जातात ते, बरोबर आहे.

मला तुला तेवढंच विचारायचं आहे. तिचे पडलेले दात काय केलेत?

तुम्ही चाकणला तिसऱ्या मजल्यावर राहता, असं प्रणय म्हणाला. तिथं छप्पर कुठलं, वरच्या घराची फरशी. आमच्यात पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून आपल्या घरावर टाकतात. तसा टाकला की नवा सरळ येतो म्हणतात. तनुजा म्हणते की नवा दात हाडात आधीच तयार असतो, त्याला शेणाशी घेणं नाय. तेही मी डोळ्यांनी बघितलंय. पण टाकायचा तो आपल्याच घरावर, दुसऱ्याच्या नाय. तुमच्या घरी हे करतात का मला माहीत नाय. नसतील तर माझ्यासाठी कर. कचऱ्यात गेलेत ते गेले. पुढचा टाकू नकोस.

ऋतूला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मी जन्मवेळ मागितली होती. ती आता नको, पत्रिका काढणार नाय. वाढदिवस कधी करता तेवढं कळव, म्हणजे त्या दिवशी देवापुढं साखर ठेवीन.

आणखी एक. तिच्या वडिलांचं नाव मला ठाऊक नाय. सर्वपित्रीला मी एक घास वेगळा काढला, नाव न घेता. तुमच्यात हे चालत नाय, हे मी जाणते. माझ्यात चालतं, म्हणून केलं. वाईट वाटून घेऊ नकोस.

फकिरा परवा शेड काढायला आला होता. ह्यांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. "दिवाळी होऊ दे," म्हणाले.

तुझी सासू,
सुलेखा


हर्सूल, १९ ऑक्टोबर

चि. यशोधरा,

मी तुझी आजी. तुला वाचता येत असेल तर तू वाच, अडलं तर आईकडून वाचून घे.

काल धनत्रयोदशीला पोस्टमन डबी घेऊन आला. कानातल्याची लाल डबी, आत कापूस, कापसात तू. सोबत तुझ्या आईची चिठ्ठी. "वरचा, डावीकडचा. दसऱ्याच्या आधी पडला. आम्हालाही टाकवला नव्हता. हिनं स्वतः ओढून काढला आणि रडली नाही. वाढदिवस एक जून नाही, सव्वीस ऑक्टोबर." ते एक जून वाचून मी एकटीच हसले. म्हणजे तुझे पप्पा माझी पत्रं घरात मोठ्यानं वाचून दाखवतात तर! सगळीच्या सगळी वाचलीत की काही गाळलीत, ते त्यांना विचार.

तनुजा नावाची एक ताई आमच्या माडीवर राहते. तिनं तुझा दात उजेडात धरला आणि मला दाखवलं, याला मूळच उरलं नाय. मागून येणारा दात दुधाच्या दाताचं मूळ विरघळवत वर येतो. म्हणून तर तो हलतो आणि दुखत नाय. मी म्हटलं, अगं, महिनाभर राहून निघालं तरी माणूस सामान बांधायला वेळ घेतो, आणि हा बघ, पाय आधीच आवरून घेऊन निघतो. ती म्हणाली, काकू, हे मी माझ्या अभ्यासात लिहिणार.

तुझे आजोबा खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "बघू." मी डबी दिली. त्यांनी दात तळहातावर घेतला. स्वतःची कवळी काढली आणि शेजारी धरली. "एवढासा!" म्हणाले. मग उठले.

"कुठं निघालात?"

"पत्र्यावर टाकाया. तुझा नेम नाय."

परसात गेलो. त्यांनी दात भिरकावला. टिण्ण! आणि पत्रा उतरता ना, घरंगळून परत पायाशी. पुन्हा फेकला. टिण्ण, आणि परत खाली, या वेळी तुळशीच्या कुंडीत. दोघं गुडघ्यावर बसून माती चिवडत होतो. भिंतीपलीकडून गोजरबाई ओरडल्या, "शेण लावा की वो शेण! कोरडा दात कुठं ऱ्हातोय व्हय?" त्यांनीच गोठ्यातलं शेण आणून दिलं.

मी गोळी केली, दात आत दाबला आणि म्हटलं, आता फेका, चिकटेल. तर तुझे आजोबा शिडी शोधायला गेले. त्यांचे गुडघे दुखतात, दोन वर्षांत ते माडीवर चढलेले नायत. शिडी आणली, भिंतीला टेकवली आणि एकेक पाय ठेवत वर गेले. मी खालून शिडी घट्ट धरली आणि देवीचं नाव घेत राहिले. त्यांनी पत्र्याच्या मधोमध हात पोचेल तिथवर वाकून तुझा दात ठेवला आणि अंगठ्यानं दाबून बसवला.

गोजरबाई म्हणाल्या, "अवो, फेकायचा आसतोय, लिंपायचा नसतोय!"

"गप बसा तुमी," आजोबा वरूनच म्हणाले. "पावसानं व्हावून जाईल."

खाली उतरले, हात धुतले, कवळी घातली. फकिराला फोन लावून म्हणाले, शेड राहू दे, स्कूटीची सोय पुढच्या अंगाला करतो.

पत्र सव्वीसपर्यंत पोचलं तर बरं. त्या दिवशी मी साखर ठेवीनच.

शिडी अजून तिथंच लावलेली आहे. येता-जाता पायात येते. सकाळी मी म्हटलं, आता तरी काढा. तर आजोबा म्हणाले, "राहू दे. दुसरा हालत आसंल तिचा. तिला म्हनाव, तो तू सोता येऊन ठेव."

तुझी आजी